मलय गाणी: पी. रमलीपासून सिती नुरहलीझापर्यंत, आणि 'जुआरा लागू'बद्दल

दर्यावर्दी

मलेशियाला जाऊन आलेली माणसं पेट्रोनासचे मनोरे, बातू गुहा आणि नासी लमाक यांबद्दल भरभरून लिहितात. तिथल्या गाण्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. कामानिमित्त क्वालालंपूरला आल्यापासून मी इथला रेडिओ ऐकत असतो. मराठी कानाला इतकं सहज रुचणारं संगीत समुद्रापलीकडे वर्षानुवर्षं गायलं जातंय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. म्हणून हा धागा. इथे मलय भाषेतले गायक, त्यांची गाणी, तिकडचे पुरस्कार, जे काही माहीत असेल ते लिहा.

सुरुवात पुरस्कारांपासून करतो, कारण माझं एक ठाम मत तिथूनच तयार झालं आहे.

'आनुगराह जुआरा लागू' म्हणून एक सोहळा आहे. सगळे एजेएलच म्हणतात. टीव्ही ३ ही खासगी वाहिनी १९८६ पासून तो भरवते. त्यांच्या 'मुझिक-मुझिक' या कार्यक्रमात वर्षभर गाजलेली गाणी आधी उपांत्य फेरीला येतात, तिथून निवडक गाणी अंतिम फेरीला. अंतिम फेरीच्या रात्री प्रत्येक गाणं वाद्यवृंदासह तिथल्या तिथे गायचं. स्टुडिओत दहा वेळा घेऊन जुळवलेला सूर तिथे कामाला येत नाही. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. स्पर्धा गाण्याची असते. मुख्य बक्षीस संगीतकार आणि गीतकाराच्या हातात जातं. गायकासाठी उत्तम आवाज आणि उत्तम सादरीकरण अशी वेगळी बक्षिसं ठेवली आहेत.

याचा परिणाम काय झाला? इथला सामान्य श्रोता संगीतकाराला नावाने ओळखतो. एम. नासिर, अदनान अबू हसन, पाक ङाह (खरं नाव सुहैमी मोहम्मद झैन) ही नावं टॅक्सीवाल्यालाही माहीत असतात. मी एकदा गाडीत 'इसाबेला' लागल्यावर सहज म्हटलं की 'सर्च' हा बँड मला आवडतो. चालकाने आरशातून बघत लगेच सांगितलं, गाणं एम. नासिरचं आणि शब्द बॉब लोकमानचे. आपल्याकडे खळेकाका, यशवंत देव किंवा बाबूजी यांची चाल लोक ओळखत होते, तो काळ आठवला.

एम. नासिर या माणसाबद्दल थोडं जास्त लिहितो. जन्म १९५७, सिंगापूरचा. शिक्षण चित्रकलेचं, नान्यांग अकादमीतलं. आधी 'कंबारा' हा गट, मग इतरांसाठी चाली, मग स्वतःचे अल्बम. १९८९ साली एजेएलचं विजेतं गाणं 'इसाबेला', चाल त्याची. १९९४ साली 'तान्या सामा इतु हुदहुद', गायक तोच. १९९७ साली जमाल अब्दिल्लाहबरोबर गायलेलं 'गझल उंतुक राबिया'. आणि २०१२ च्या जानेवारीत हाफिझ या सारावाकच्या तरुण गायकाने म्हटलेलं 'आवान नानो', त्याचीही चाल एम. नासिरचीच. म्हणजे रॉक बँडच्या जमान्यापासून मोबाइलवर गाणी ऐकण्याच्या जमान्यापर्यंत हा माणूस स्पर्धेत टिकून राहिला, दर वेळी वेगळ्या ढंगाचं गाणं घेऊन.

'हुदहुद' जरूर ऐका. सूफी परंपरेतली पक्ष्यांची गोष्ट आहे ना, सगळे पक्षी आपल्या राजाच्या शोधात निघतात आणि हुदहुद त्यांना वाट दाखवतो? तो हुदहुद या गाण्यात येतो. तालवाद्यं पहिल्यापासून पुढे पुढे ढकलत राहतात, गायक मात्र घाई करत नाही. प्रश्न विचारावा तसा प्रत्येक ओळीचा शेवट अर्धवट सोडतो. गूढ आशयाचं गाणं इतकं लोकप्रिय व्हावं, ते भर टीव्हीवर पहिलं यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर माझं म्हणणं असं: मलय गाणी ऐकायची असतील तर गायकांच्या नावाने न शोधता संगीतकार आणि गीतकारांच्या वाटेने जा. तुम्हाला काय वाटतं?

जास्वंद

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी मुळीच सहमत नाही. सिती नुरहलीझाला बाजूला ठेवून मलय संगीताबद्दल बोलता येणार नाही.

जन्म ११ जानेवारी १९७९, पाहांग राज्यातल्या तमर्लोह भागातल्या काम्पुंग आवाह या खेड्यातला. वडील पोलिसात, घरात भावंडं पुष्कळ, आई खाऊ करायची आणि ही लहानपणी तो विकायला जायची. १९९५ साली सोळाव्या वर्षी सरकारी वाहिनीची 'बिन्तांग एचएमआय' ही गायनस्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी 'जरात पर्चिन्तान' हे गाणं आलं आणि १९९६ चं एजेएल त्याने जिंकलं. चाल अदनान अबू हसनची, हे मान्य. पण ते गाणं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर? त्या वयात खालच्या सुरात एवढा भरीवपणा आणि वरच्या सुरात एवढी सहजता क्वचित सापडते.

आणि 'चिन्दाई'! चाल पाक ङाहची, शब्द हैरुल अनुआर हारुनचे. चिन्दाई म्हणजे गुजरातेतून पूर्वी तिकडे जाणारं पटोळ्यासारखं रेशमी वस्त्र. गाण्याचे शब्द जुन्या मलय पांतुनच्या वळणाचे आहेत. चार ओळींचं कडवं. पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी यमकात. पहिल्या दोन ओळींत काहीतरी बाहेरचं चित्र, झाड, कापड, नदी, आणि पुढच्या दोन ओळींत मनातली गोष्ट. सिती ती कडवी गाताना एका अक्षरावर तीन-चार सूर असे अलगद फिरवते की आपल्याकडच्या मुरकीची आठवण होते. ही हरकत कुठल्या स्वरलेखनात लिहिलेली नसते. ती गळ्यातच असावी लागते. एजेएलमध्ये १९९८ साली 'चिन्दाई'ने पारंपरिक बाजाच्या गाण्यांच्या विभागात बक्षीस घेतलं.

१ एप्रिल २००५ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिचा कार्यक्रम झाला, साथीला लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. लताबाईंचा तिथला १९७४ चा कार्यक्रम आपण अजून अभिमानाने सांगतो. मलय माणूस सितीबद्दल तसाच बोलतो. तेव्हा गायकाला कमी लेखू नका.

दर्यावर्दी

जास्वंदताई, कमी लेखायचा हेतू अजिबात नाही. 'चिन्दाई'बद्दल जे लिहिलंत ते वाचून मी ते गाणं आत्ता पुन्हा लावलं. माझा मुद्दा एवढाच की सितीसारखा गळा मिळाल्यावर पाक ङाहने तिला काय गायला दिलं, हे बघण्यासारखं आहे. ती बॅलड गाऊनही राज्य करू शकली असती. त्या बाईला जोगेत, झापिन, इनांग या जुन्या तालांकडे नेलं, म्हणून नव्वदच्या दशकात कॉलेजातली मुलं पारंपरिक ठेका ऐकू लागली. नोरानिझा इद्रिस या गायिकेचंही यात मोठं काम आहे. ती आणि सिती यांनी १९९९ मध्ये 'सरी बालास' हा अल्बम मिळून केला.

नाना

माझा मुलगा सिंगापूरला असतो. त्याच्याकडे गेलो असता शेजारच्या वयस्क मलय गृहस्थांनी पी. रमली यांची गाणी ऐकवली. भाषा कळत नव्हती, पण आवाज ऐकून आमच्या वेळच्या तलत महमूदची आठवण आली. या कलाकाराविषयी कुणी सविस्तर लिहील का?

खमाज

नाना, आनंदाने लिहितो. हा माझा आवडता विषय आहे.

पी. रमली यांचा जन्म २२ मार्च १९२९, पेनांग. नट, दिग्दर्शक, गायक, संगीतकार, सगळं एकाच माणसात. आणि त्यांची कारकीर्द उभी राहिली ती भारतीय माणसांच्या संगतीत. पेनांगला गाताना त्यांना हेरलं बी. एस. राजहंस या भारतीय दिग्दर्शकाने. १९४८ च्या 'चिन्ता' या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली आणि पडद्यामागून गाणी म्हटली. १९५० च्या 'बक्ती'त नायक झाले, दिग्दर्शक एल. कृष्णन. १९५६ चा 'हांग तुआह' दिग्दर्शित केला फणी मजुमदार यांनी, आणि त्याच्या संगीतासाठी रमलींना हाँगकाँगच्या आशियाई चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. हे सगळं चालायचं सिंगापूरच्या जालान आम्पास रस्त्यावरच्या शॉ बंधूंच्या स्टुडिओत. नट पडद्यावर, गायक पडद्यामागे ही आपली पद्धत तिथेही तशीच रुजली होती.

पण धागा त्याही मागे जातो. १९३४ साली सिंगापुरात 'लैला मजनून' हा पहिला मलय बोलपट झाला. दिग्दर्शक हेच राजहंस आणि पैसा मुंबईच्या एका कंपनीचा. त्यातली नटमंडळी होती 'बांसावान' नाटकांतली. हे बांसावान कुठून आलं? मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या दौरे करत पेनांगला पोचल्या, त्यांचे संगीतमय खेळ तिथल्या लोकांना वेड लावून गेले, आणि १८८५ च्या सुमारास मामाक पुशी यांनी तसंच नाटक मलय भाषेत सुरू केलं. आता बघा, अण्णासाहेब किर्लोस्करांनीही पारशी मंडळींचा खेळ पाहूनच संगीत नाटकाचा विचार केला आणि १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आलं. म्हणजे आपलं संगीत नाटक आणि मलय बांसावान पाचेक वर्षांच्या अंतराने एकाच मुशीतून निघाले. नाटकातले गायक पुढे ध्वनिमुद्रिकांकडे आणि चित्रपटांकडे वळले, दोन्हीकडे. नानांना आवाज ओळखीचा वाटला याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

'गतारान जिवा' ऐकलंत का, नाना? १९६० च्या 'अंतारा दुआ दर्जात' चित्रपटातलं. चाल रमलींची, शब्द एस. सुदारमाजी यांचे. गरीब वादक आणि राजघराण्यातली मुलगी यांची गोष्ट आहे. संथ लॅटिन ठेका, पियानो, आणि त्यावर रमलींचा आवाज. ते जोर लावून काही म्हणत नाहीत. ओळ संपताना आवाज जरा आत घेतात, तिथेच तलतची आठवण येत असणार.

शेवट मात्र फार वाईट झाला. १९६४ साली ते क्वालालंपूरला आले, तिथले चित्रपट चालले नाहीत. गिटारवाल्या नव्या गटांचा जमाना आला होता. त्यांचं संगीत जुनाट ठरवलं गेलं. २९ मे १९७३ ला गेले तेव्हा वय ४४, हातात पैसा नव्हता. 'तान श्री' हा किताब १९९० साली दिला, म्हणजे मरणोत्तर. आज त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, स्मारकं आहेत. ज्या माणसाला काम मिळत नव्हतं त्याची ही कथा वाचताना मला आजही राग येतो.

नाना

खमाज, खूप खूप धन्यवाद. 'गतारान जिवा' हेच ते गाणं. त्यांच्या पत्नीही गायिका होत्या ना?

खमाज

हो, सलोमा. जन्म १९३५, सिंगापूर. 'बिला लारुत मालाम' आणि 'सलामात हारी राया' ही त्यांची गाणी आजही लागतात. रमलींची शेवटची रचना मानली जाते ती 'आयर माता दि क्वालालंपूर'. ती त्यांच्या स्वतःच्या आवाजात राहिली नाही, सलोमांनी म्हटली. त्या १९८३ साली गेल्या.

दर्यावर्दी

सलोमांच्या नावाचा पूल मी रोज बघतो. काम्पुंग बारू या जुन्या मलय वस्तीतून क्लांग नदी ओलांडून पेट्रोनासच्या बाजूला जाणारा पादचारी पूल, २०२० साली खुला झाला. त्याचा आकार मलय लग्नात विड्याची पानं रचून ठेवतात त्या रचनेवरून घेतला आहे. रात्री दिवे लागले की लोक फोटो काढायला गर्दी करतात. गायिकेच्या नावाने शहराच्या मध्यभागी अशी देखणी गोष्ट उभी केली याबद्दल मला या शहराचं कौतुक वाटतं.

ढोलताशा

सगळे जुन्यात रमलेत, म्हणून रॉकवाल्यांची बाजू मांडतो.

खमाजने 'गिटारवाले नवे गट' एका वाक्यात उडवून लावले. त्यांचंही ऐका. १९६१ साली क्लिफ रिचर्ड आणि 'शॅडोज' सिंगापूरला वाजवून गेले आणि गल्लीगल्लीत पोरांनी इलेक्ट्रिक गिटार घेतल्या. त्या लाटेचं नाव 'पॉप ये ये'. एम. उस्मानचं 'सुझाना', जेफ्रीदिन, ए. रमली. मलय शब्द, बीटल्सचा काळ, पण सूर लावायची पद्धत पूर्ण मलय. मला हे मिश्रण अतिशय आवडतं.

ऐंशीच्या दशकात 'रॉक कापाक' आला. कापाक म्हणजे कुऱ्हाड. जोहोर बाहरूचा 'सर्च', गायक अ‍ॅमी. 'विंग्स', गायक आवी. लांब केस, घट्ट जीन्स, उंच पट्टीतला आवाज आणि खाली बघितलं तर चाल अस्सल दुःखी मलय बॅलडची. 'इसाबेला' तशीच आहे. दोन वेगळ्या जगांतल्या माणसांचं प्रेम, सुरुवातीला संथ, नंतर गिटार भडकते. इंडोनेशियातही ती तुफान चालली. पुढे १९९२ मध्ये सरकारी टीव्हीने लांबकेशा गायकांना बंदी केली. अ‍ॅमी आणि आवी यांना केस कापून घ्यावे लागले, तेव्हा पडद्यावर परत दिसले. गाणाऱ्या माणसाच्या केसांवर सरकारने बोलावं हे मला आजही पटत नाही.

एला विसरू नका. बायकांमधली रॉकची राणी. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेचं गाणं तिचंच.

केतकी

मी सिंगापूरहून. इथे मलय रेडिओ 'वार्ना' आणि 'रिया'. वर सगळे मलेशिया-मलेशिया म्हणताहेत म्हणून आठवण करून देते की या कथेतली अर्धी माणसं सिंगापूरची आहेत. एम. नासिर, सलोमा, पॉप ये येचे गट, स्वीट चॅरिटी बँडचा रमली सरीप, अनिता सारावाक. आमचं राष्ट्रगीतही मलय भाषेत आहे, झुबिर सईद यांनी १९५८ मध्ये रचलेलं. २०१९ मध्ये त्याचं संथ, खर्जातलं रूप रमली सरीपने गायलं. रॉक गायकाच्या खरखरीत आवाजात राष्ट्रगीत ऐकताना अंगावर काटा आला होता.

आणि पुरस्कारांचं म्हणाल तर 'आनुगराह प्लॅनेट मुझिक' इथून २००१ पासून दिला जातो. त्यात मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, ब्रुनेई सगळे येतात. हा मला एजेएलपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण इंडोनेशियाचा बाजार एवढा मोठा आहे की तिकडची गाणी इकडे धो धो येतात, इकडची तिकडे फारशी जात नाहीत. शीला माजिदने १९८७ मध्ये 'सिनारान'च्या यशावर इंडोनेशियाचा बीएएसएफ पुरस्कार मिळवला, पहिलीच मलेशियन, तेव्हा म्हणूनच एवढा गाजावाजा झाला. तिचा नंतरचा 'लगेंडा' हा अल्बम ऐका. जॅझकडे झुकणारा आवाज आणि शीर्षकगीत पी. रमलींना वाहिलेलं. ज्यांना जुनाट म्हणून बाजूला केलं त्यांना पुढच्या पिढीने असं परत आणलं.

जास्वंद

केतकी, शीला माजिदसाठी शंभर टाळ्या. 'अंतारा आन्येर दान जकार्ता' हे माझं अत्यंत लाडकं गाणं.

सह्यपुत्र

मला मलय संगीतातलं काही कळत नाही, पण एक आठवण इथे बसते. २००७ च्या डिसेंबरमध्ये जकार्तात 'एशियन आयडॉल' झालं होतं. भारताकडून आपला अभिजीत सावंत गेला होता. आमच्या वाडीत त्या दोन दिवशी दुसरा विषय नव्हता. जिंकला मात्र सिंगापूरचा कुणी हादी मिर्झा. तो मलयच ना?

केतकी

हो, सिंगापूर आयडॉलचा २००६ चा विजेता. त्याने एशियन आयडॉलला एक मलय गाणंही म्हटलं होतं, 'बर्सराह'. त्या स्पर्धेत प्रेक्षकाला एका मतात दोन नावं द्यावी लागत. आपल्या देशाच्या गायकाबरोबर दुसरं नाव कुणाचं, यावर निकाल फिरला. सिंगापूरला आजूबाजूच्या देशांतून दुसरी पसंती मिळाली असणार, असं तेव्हा सगळे बोलत होते.

मलेशियाकडून आली होती जॅकलिन व्हिक्टर, क्वालालंपूरची भारतीय वंशाची मुलगी, पहिली मलेशियन आयडॉल. तिचं 'गमिलांग' २००५ चं एजेएल विजेतं. ते गाणं आजही शाळांच्या समारंभात म्हणतात. मलय भाषेत गाणारे भारतीय वंशाचे कलाकार हा वेगळाच विषय आहे. पेनांगचा 'अ‍ॅलीकॅट्स' बँड, डेव्हिड आणि लोगनाथन अरुमुगम हे तमिळ भाऊ, डोक्यावर भलेमोठे कुरळे केस आणि उच्चार अस्सल मलय. 'हिंगा आखिर नान्ती' लावून बघा.

खमाज

केतकीच्या मुद्द्याला जोडून: जोहोरमध्ये 'गझल' नावाचा प्रकारच आहे. त्यात हार्मोनियम आणि तबला असतो, सोबत व्हायोलिन, गाम्बुस हे तंतुवाद्य आणि गिटार. एकोणिसाव्या शतकात जोहोर-रिआऊच्या दरबारी वर्तुळात तो रुजला. शब्द मलय, आणि त्यातही पांतुनच. आपल्या पेटीवर कुणी वेगळ्याच भाषेतली चाल वाजवतंय हे ऐकणं फार सुखाचं आहे. पेटीवाल्यांनी जरूर ऐकावं.

जास्वंद

दर्यावर्दी, मूळ मुद्द्याकडे येते. तुम्ही एजेएलला मोठं म्हणता, पण लोकांच्या मतांवर ठरणारे पुरस्कारही पाहा. 'बरिता हारियान' या वर्तमानपत्राचा लोकप्रिय तारा पुरस्कार १९८७ पासून आहे, वाचक मत देतात. सिती तिथे किती वर्षं वरचढ होती! आणि २००५ मधली मावीची लाट आठवा. अ‍ॅस्ट्रो वाहिनीच्या 'अकादमी फंतासिया' या गायनस्पर्धेचा विजेता, जोहोरमधल्या कुलाईजवळच्या फेल्डा वसाहतीतला मुलगा. फेल्डा म्हणजे सरकारने भूमिहीन कुटुंबांना पामतेलाच्या लागवडीसाठी जमीन देऊन वसवलेली गावं. तो जिंकला तेव्हा त्या सगळ्या गावांना आपलाच पोरगा जिंकल्यासारखं वाटलं. संगीतकार कोण होता हे कुणी विचारलं नाही. गायकावरचं लोकांचं प्रेम हीसुद्धा संगीताच्या इतिहासातली खरी गोष्ट आहे.

दर्यावर्दी

हे मान्यच. आणि त्या प्रेमाचं सगळ्यात मोठं उदाहरण मी स्वतः देतो, सुदिरमान हाजी अर्शद. जन्म १९५४, तोही तमर्लोहचाच. १९७६ साली सरकारी वाहिनीची 'बिन्तांग आरटीएम' ही गायनस्पर्धा जिंकला, मलाया विद्यापीठातून कायदा शिकून वकील झाला आणि गातही राहिला. १४ एप्रिल १९८६ ला क्वालालंपूरच्या चौकीट रस्त्यावर त्याने भर वस्तीत फुकट कार्यक्रम केला. बाजारपेठेचा, हमालांचा, फेरीवाल्यांचा तो भाग. लाखभर माणसं जमली. १९८९ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये आशियातला अव्वल कलाकार म्हणून त्याला निवडलं. १९९२ मध्ये गेला, वय अवघं ३७.

त्याचं 'बालिक काम्पुंग' म्हणजे 'गावी परत' हे गाणं हारी रायाच्या, म्हणजे ईदच्या, आधीच्या आठवड्यात इथे दर अर्ध्या तासाने लागतं. गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्यांच्या गाडीत जे वातावरण असतं, नेमकं तेच त्या गाण्यात आहे. महामार्गावर गाड्यांची रांग आणि प्रत्येक गाडीत सुदिरमान.

तरीही बघा, जास्वंदताई, मतांवर जिंकलेल्या किती जणांची गाणी आज ऐकली जातात? एजेएलने २०१५ मध्ये जो फ्लिझो आणि सोनावन यांच्या 'आपा खबर' या हिप-हॉप गाण्याला पहिलं ठरवलं, तेव्हा बऱ्याच जुन्या श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या. पण शब्द बांधीव होते, परीक्षकांनी ते ओळखलं. २०२० मध्ये 'तुजुह नासिहात', म्हणजे सात उपदेश, जिंकलं. रॅप करणारे केएमवाय केएमओ आणि लुका सिक्ता, सोबत सिती नुरहलीझा. तुमची सिती आणि माझा मुद्दा एकाच गाण्यात आले.

मनवा

सगळं वाचून काढलं. मी या बाबतीत कोरी पाटी आहे. युना हे नाव मात्र माहीत आहे, अशरबरोबरचं 'क्रश' ऐकलंय. तिने मलय भाषेतही गायलंय का? आणि माझ्यासारखीने नेमकी सुरुवात कुठून करायची?

ढोलताशा

युना मुळात मलय गाण्यांवरच मोठी झाली. केदाह राज्यातली, कायद्याची पदवीधर, स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, गिटार घेऊन हिजाबमध्ये गाते. 'दान सबनारन्या' आणि 'पनाकुत' आधी ऐक. 'तरुकिर दि बिन्तांग'ने तिला एजेएल मिळवून दिलं, आणि तिथे संगीतकार, गीतकार, गायिका तिन्ही तीच. दर्यावर्दी आणि जास्वंद यांचं भांडण तिने असं मिटवलं आहे!

जास्वंद

मनवा, माझी यादी छोटी आहे: 'चिन्दाई' आणि 'जरात पर्चिन्तान' सितीची, 'सिनारान' शीला माजिदची. यानंतर दायांग नुरफैझाचा २०२१ चा 'बलागू' अल्बम. कुचिंगची ही गायिका, त्यात जुनी मलय गाणी अगदी कमी वाद्यांवर गायली आहेत. मूळ गाण्यांकडे जायला याच्याइतकी चांगली पायरी नाही.

दर्यावर्दी

मनवा, जास्वंदताईंच्या यादीत मी एकच गाणं घालतो. झैनल आबिदीनचं 'हिजाउ', १९९१ चं. शब्द आणि चाल मुख्लिस नोर यांची. हिजाउ म्हणजे हिरवा. त्या वर्षांत इथे रान तोडून रस्ते आणि इमारती भराभर उभ्या राहत होत्या, आणि हा माणूस टीव्हीवर निसर्ग हातातून चालल्याचं गाणं म्हणत होता, तेही पाय ठेका धरतील अशा तालात. आफ्रिकी ढोलांचा भास होईल असं तालवाद्य, मागे समूहस्वर, आणि झैनलचा जाड, मातीचा आवाज. शब्द सोपे आहेत, एकेक ओळ थांबवून अर्थ बघता येतो. भाषेशी ओळख व्हायला तेच बरं.

जुनं हवं असेल तर सरकारी 'रेडिओ क्लासिक' इंटरनेटवर लागतो, रमली-सलोमा दिवसभर चालू असतात. ऐंशी-नव्वदच्या गाण्यांसाठी 'सिनार'. ऐकून झालं की इथेच लिही, कुठलं आवडलं आणि कुठलं नाही तेही. नाना, तुम्हीपण.

नाना

लिहितो. मुलाला सांगून 'आयर माता दि क्वालालंपूर' शोधायला लावलं आहे.